छत्रीच्या काडीवरची मॅकरोनी

परळच्या त्या चाळीत भिवा साळवे हा इटली जिंकून आलेला माणूस म्हणून ओळखला जाई. जिंकताना त्याच्या हातात बंदूक नव्हती, काथ्या आणि राख होती, हा किरकोळ तपशील तो आपणहून सांगत नसे. पलटणीच्या लंगरखान्यात तो भांडी घासायला होता. दुसऱ्या महायुद्धात पलटण इटलीच्या डोंगरांतून जशी वर सरकत गेली, तशी भिवाने घासलेली पातेलीही सरकत गेली, आणि भिवाच्या मते त्या पातेल्यांची चकाकी बघूनच जर्मनांनी पळ काढला.

या लढाईतली एकच हकीकत तो पुन्हा पुन्हा सांगे, आणि ती सांगताना मात्र त्याचा आवाज खाली येई. डोंगरातलं एक गाव. अर्धं पडलेलं घर. घरात एक म्हातारी, एक चूल आणि एक पसरट लोखंडी कढई. भिवा पाणी मागायला गेला, तर म्हातारीने त्याला हाताला धरून आत नेलं. बकऱ्याच्या मांसाची सासेज कढईत परतली, त्याच चरबीत कांदा आणि मिळेल तो पाला टाकला, वर पाणी, आणि त्या पाण्यात मूठमूठ मॅकरोनी. मग तिने डाव भिवाच्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, ढवळ. तिने जात विचारली नाही. नाव विचारलं, तेही तिला धड म्हणता आलं नाही. "बीबा, बीबा," म्हणत तिने त्याला शेजारी बसवून त्याच कढईतून खायला घातलं.

"एक थेंब पाणी फेकायचं नाही," भिवा गॅलरीत जमलेल्या मंडळींना सांगे. "सगळं त्या एका कढईत. नळी आतून पोकळ, रस्सा आत शिरतो. वाऽ!"

मंडळी "वाऽ" म्हणत. ही मॅकरोनी पंधरा वर्षांत कुणी खाल्ली नव्हती. चाळीत एखादी गोष्ट ऐकायला मिळते पण बघायला मिळत नाही, असं झालं की लोक तिला 'भिवाची मॅकरोनी' म्हणत. म्युनिसिपालिटीने कबूल केलेला दुसरा नळ ही भिवाची मॅकरोनी होती. १९५६ सालापासून संयुक्त महाराष्ट्रही तीच होती. मोर्चे झाले, गोळ्या झाल्या, घोषणा देऊन घसे बसले, आणि आता १९६० च्या एप्रिलात ही एक मॅकरोनी तरी खरोखर शिजणार असं दिसत होतं. एक मेला राज्य येणार होतं.

पलटणीतून सुटल्यावर भिवा एका गिरणीच्या कँटीनमध्ये लागला. तिथेही भांडी घासायलाच. स्वयंपाक त्याला उत्तम येत होता, पण चूल आणि भिवा यांच्यामध्ये चौदा वर्षं दहा पावलांचं अंतर राहिलं. त्याचं कारण कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे कागदाची गरजच पडली नाही. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी भिवाने धम्माची दीक्षा घेतली. घरच्या भिंतीवरून जुने देव उतरले, बुद्ध आणि बाबासाहेब चढले. कँटीनची चूल मात्र जुन्याच धर्माची राहिली.

अशात कँटीनचा आचारी होळीला गावी गेला आणि तिकडेच राहिला. एक मेला सगळ्या कामगारांना खास जेवण द्यायचं ठरलेलं, आणि डाव धरायला माणूस नाही. कँटीन कमिटी बसली. अध्यक्ष होते गिरणीचे लेबर ऑफिसर मनमोहन धैर्यवान. गिरगावातलं जुनं घराणं, खाण्याची जीभ अशी की पापलेट सकाळचं की कालचं हे ते शेजारच्याच्या ताटावरून सांगत. मॅनेजरसाहेबांचा टेलिफोन वाजला की मात्र उभे राहून बोलत, आणि समोरचा दिसत नसतानाही मान लववत.

"स्वस्त पाहिजे, पोटभर पाहिजे आणि नवीन पाहिजे," धैर्यवान म्हणाले. "दरवेळी बुंदी काय वाटायची?"

कोपऱ्यात कपबशा उचलत असलेला भिवा म्हणाला, "साहेब, मी करतो."

धैर्यवानांनी आधी त्याच्या हातातल्या कपबशांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तू?" धैर्यवान म्हणाले. "काय करणार तू?"

"मॅकरोनी. एका कढईत. खिम्याची सासेज, भाजी, सगळं आत. मटणाच्या जेवणाच्या निम्म्यातसुद्धा नाही जाणार."

कमिटीतले दोघेजण आढ्याकडे बघू लागले. तेव्हा साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, गंगाधर मोहिते बोलला. चार वर्षांपूर्वी एका मोर्चात एकाच लाठीचा पहिला तडाखा गंगाधरला आणि दुसरा भिवाला बसला होता. "साहेब, याच्याबरोबर मार खाल्लाय मी. जेवायला काय हरकत आहे? एकदा चाखून बघू. चांगलं झालं तर चूल याची. बिघडलं तर परत काही म्हणणार नाही तो. काय रे?"

"नाही म्हणणार," भिवा म्हणाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

शनिवारी पहिली पाळी सुटली की कमिटी चाखणार, असं ठरलं.

भिवा फोर्टातल्या एका मोठ्या दुकानात गेला. मॅकरोनीच्या पुड्याचा भाव ऐकून त्याच्या पायाखालचं फोर्ट सरकलं. 'स्वस्त' म्हणताना त्याने हिशेब लावला होता तो म्हातारीच्या घरचा, आणि तिथे भाव काही नव्हताच. पण शब्द गेला होता. त्याने पुडा घेतला आणि घरी येऊन कुणाला न बोलता फळीवर ठेवून दिला. बायकोलाही काही सांगितलं नाही. मॅकरोनी हा लष्करी विषय होता. पंधरा वर्षं तो गॅलरीत पुरुषांना सांगत आला होता, आणि मीराबाई आत भाकऱ्या थापत होती.

शुक्रवारी त्याने सासेज केली. भायखळ्याहून खिमा आणि बकऱ्याची आतडी आणली, आतडी मिठाने चोळून उलटसुलट धुतली, खिम्यात लसूण, लाल तिखट, मिरी, बडीशेप घातली, आणि नरसाळ्याने भरून वीतवीत अंतरावर गाठी मारल्या. मग ती लांबलचक माळ गॅलरीतल्या दोरीवर टांगली.

शेजारची चंपा मालवणकडची. ती दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगो मीराबाय, तुझ्या घोवान ह्या कसला तोरण बांधल्यान गे? राज्य येवक अजून आठ दिस आसत!"

शनिवारी पहाटे भिवा भाजीला भायखळ्याला गेला. टोमॅटो, भोपळी मिरची, फरसबी, गाजरं. दिसायला वाकडी, चवीला सरळ, अशी निवडून निवडून स्वस्तात आणली. आठाच्या सुमाराला तो जिना चढू लागला तेव्हा तळणाचा वास आला. दुसऱ्या मजल्यावर तो बरा वाटला. तिसऱ्या मजल्यावर तो आपल्याच दारातून येतोय असं दिसलं, आणि भिवाच्या हातातली पिशवी जड झाली.

आत चंपा चहा पीत बसली होती. तिच्यापुढे ताटलीत तांबूस तळलेल्या नळ्यांचा ढीग होता. ती एक नळी दाढेखाली धरून झगडत होती.

"येवा भिवाभाऊ," चंपा तोंडातल्या तोंडात म्हणाली. "तुमच्या गावच्यो कुरडयो लय कडक रे बाबा. दाढ हालली माझी!"

एप्रिल महिना. चाळीत जिथे तिथे पापड, सांडगे, कुरडया वाळत पडलेल्या. कुणी कुणाकडे पुडा पाठवतो, कुणी डबा. फळीवर पिठाची वाळलेली वस्तू दिसली, की ती तळायची, एवढं मीराबाईला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने सगळा पुडा तळून काढला होता.

भिवा उंबऱ्यातच बसला.

"मीरे, काय केलंस हे?"

"काय केलं? वाळवण व्हतं, तळलं. फुललं न्हाई मेलं. कुनी धाडलं व्हतं वं? पीठ काय चांगलं न्हाई वापरल्यालं."

"ती मॅकरोनी होती!"

मीराबाईने झारा खाली ठेवला. "ही? ही तुमची इटली?" तिने एक नळी उचलून डोळ्यासमोर धरली. "पंधरा वर्सं ज्येच्यापायी गॅलरी अडवून बसताय, ती ही?"

"आज साडेचारला कमिटी चाखणार होती. चांगलं झालं तर चूल मिळणार होती मला. आता कुठून आणू? तेवढे पैसे नाहीत, आणि असले तरी फोर्टला जाऊन येईस्तोवर..." भिवाने पुढचं वाक्य सोडून दिलं. चंपाने ताटली हळूच पदराआड केली, जणू पुरावा लपवल्यावर गुन्हा कमी होईल.

मीराबाई नळीतून आरपार बघत होती. "पोकळ हाय," ती म्हणाली.

"पोकळच असते."

"रस आत शिरतू."

"शिरतो. म्हणून तर..."

"अवं, हे तर सरगुंडं हाय!" मीराबाई नळी ताटलीत टाकत म्हणाली. "आमच्याकडं नगरला उन्हाळ्यात घरोघर करत्यात. आंब्याच्या रसात घालून जावयाला वाढत्यात. एवढ्यासाठी तुमी इटलीला गेलता व्हय?"

हे असं काही असतं, हे भिवाला माहीत नव्हतं. पोटासाठी मुंबईला आला तेव्हा तो मिसरूड न फुटलेला होता, आणि कुणी त्याला जावई करून घेतलं तेव्हा आंब्याचा हंगाम नव्हता.

"पण ते करायला दिवस लागतील ना?"

"छत्री द्या," मीराबाई म्हणाली.

"कशाला?"

"काडी पायजे बारीक, गुळगुळीत. तिकडं बोरूची असती. हितं कुठला बोरू?"

"अगं, चांगली छत्री आहे ती!"

"पावसाला येळ हाय अजून."

तिने छत्रीची एक तार उपसून काढली, राखेने घासली, उकळत्या पाण्यात घातली, पुसून तेलाचं बोट फिरवलं. रेशनच्या गव्हाचं पीठ चाळून घेतलं, त्यात थोडा रवा, मीठ, आणि घट्ट मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं. मग पितळेचं ताट उपडं घालून ती भिंतीला पाठ टेकून बसली.

आणि मग भिवाने जे बघितलं, ते त्याने इटलीत बघितलं नव्हतं.

डाव्या हाताच्या चिमटीतून पिठाची वात निघत होती, वळणाऱ्या सुतासारखी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. ती ताटावर पडायच्या आत तार तिच्यावर येई, तळहात पुढे जाई, अंगठ्याचा एक हलका धक्का, आणि ताटाच्या कडेवरून एक नळी घरंगळत फडक्यावर. पहिली नळी अजून डुलत असे तोवर दुसरी तिच्याशेजारी. मीराबाई हाताकडे बघतसुद्धा नव्हती. ती चंपाला सांगत होती की कोपऱ्यावरचा दुकानदार चण्याच्या डाळीत लाखेची डाळ मिसळतो.

भिवाने दुसरी तार काढून बघितली. त्याची नळी पावसात भिजलेल्या विडीसारखी झाली. दुसरी तारेला अशी चिकटली की नखाने खरवडावी लागली.

"ठेवा तुमी," मीराबाई म्हणाली. "भाजी चिरा."

भिवा भाजी चिरायला बसला, पण विळीवर बोट जाईल अशा बेताने तिच्याकडेच बघत राहिला. लष्करात त्याने तोफा ओढणाऱ्या गाड्या बघितल्या होत्या, नदीवर एका रात्रीत पूल उभा राहिलेला बघितला होता. त्या सगळ्यांना पाच-पन्नास माणसं आणि एक ओरडणारा सुभेदार लागत होता. इथे पाय दुमडून बसलेली एक बाई डाळीच्या भेसळीबद्दल बोलत होती, आणि फडकं नळ्यांनी भरत चाललं होतं.

"कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

"आईनं. आमच्याकडं पोरगी बघाया आल्यालं लोक आधी तिची सरगुंडं बघत्यात, मग तोंड. तुमच्या आईनंबी बघितली व्हती. एकेक नळी उचलून उजेडाला धरली. म्हनली, ही पोरगी माझ्या भिवाला."

"मला बोलली नाही ती कधी."

"तुमी तवा पलटनीत. भांडी घासत."

ताजं पीठ तसंच शिजवलं तर लगदा होतो, म्हणून ते वाळवणं भाग होतं. मीराबाईने फडकी गच्चीवरच्या पत्र्यावर नेऊन पसरली. एप्रिलचं ऊन, परळचा पत्रा. कावळासुद्धा तिथे दोन पायांवर एकदम उभा राहू शकत नव्हता. चंपा काठी घेऊन राखणीला बसली. तिच्या दाढेवर जो प्रसंग ओढवला होता त्याची भरपाई ती कावळ्यांकडून करून घेत होती. दोनच्या सुमाराला नळ्या खडखडू लागल्या. मीराबाईने त्या परातीत भरल्या, उरलेल्या पिठाचा गोळा ओल्या फडक्यात बांधला, घरी ठेवला तर मुंग्या लागतील म्हणून सोबत घेतला, आणि परात कमरेवर घेऊन नवऱ्याबरोबर गिरणीची वाट धरली.

कँटीनच्या चुलीजवळची ती दहा पावलं भिवा चालून गेला. कढई तापली. सासेजचे तुकडे पडले, चरबी सुटली, लसूण-बडीशेपेचा वास खिडकीतून बाहेर पडला आणि अंगणात विडी ओढणाऱ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. सासेज बाजूला काढून त्याच चरबीत कांदा, मग टोमॅटो, मग बाकीच्या भाज्या. रस सुटल्यावर पाणी, पाण्याला उकळी, आणि उकळीत मीराबाईच्या नळ्या. भिवाने झाकण घातलं आणि डोळे मिटले. आत काय होतंय याची त्याला खात्री नव्हती. म्हातारीच्या कढईत सरगुंडं कधी पडलं नव्हतं. झाकण काढलं तेव्हा नळ्या फुगून सरळ उभ्या होत्या, एकही फुटली नव्हती. त्याने सासेज परत घातली, एकदा हलवलं, आणि कढई उचलून कमिटीपुढे नेली. मीराबाई मोकळी परात घेऊन दाराबाहेर थांबली.

ताटल्या वाढल्या गेल्या. कुणीही हात घातला नाही. आढ्याकडे बघणारे दोघे पुन्हा आढ्याकडे बघू लागले. त्या आढ्याइतकं निरीक्षण मुंबईत दुसऱ्या कुठल्या आढ्याचं झालं नसेल.

गंगाधरने बाही वर सरकवली आणि घास घेतला. चावला. थांबला. मग दुसरा घेतला, आणि तिसऱ्याच्या वेळी तो ताटलीवर एवढा वाकला की त्याची टोपीच दिसत राहिली.

"कसं आहे, गंगाधर?" धैर्यवानांनी विचारलं.

"साहेब, मधे बोलू नका."

वास धैर्यवानांच्या नाकापर्यंत मघाच पोहोचला होता, आणि त्यांच्या नाकाने त्यांचं ऐकायचं सोडून दिलं होतं. त्यांनी चमच्याने एकच नळी उचलली, बघितली, खाल्ली. मग सासेज. मग थोडा रस्सा. मग चमचा भरून. हळूहळू आढंही एकटं पडलं. ती खोली काही वेळ फक्त चमच्यांची होती.

"फोर्टातल्या मोठ्या हॉटेलात खाल्लीय मी मॅकरोनी," धैर्यवान अखेर म्हणाले. "रबर होतं ते. ही मात्र... भिवा, कुठल्या कंपनीची ही? इटलीहून येते?"

'हो' म्हणणं सोपं होतं. भिवाच्या जिभेवर तो 'हो' आलाही. गेली पंधरा वर्षं त्याची जीभ इटलीलाच तर गेलेली होती. पण डोळ्यासमोर म्हातारी येईना; अंगठ्याचा तो हलका धक्का येऊ लागला.

"नाही साहेब. माझ्या बायकोनं केली. आज सकाळी. घरी, हातानं."

धैर्यवानांनी चमचा खाली ठेवला. "हाताने? अरे, सगळ्या नळ्या एका मापाच्या आहेत. यंत्रावरच्या आहेत या. हे बघ भिवा, तुझ्या हाताला चव आहे. पण खोटं बोलणाऱ्याला मी चूल देणार नाही."

खरं बोलून चूल जाते, हे त्याला लष्करातही कुणी शिकवलं नव्हतं.

दारातून आवाज आला. "ताट हाय का वं पितळंचं?"

मीराबाई आत आली. कमिटीतल्या कुणाकडेही न बघता तिने एक ताट उचललं, उपडं घातलं, जमिनीवर बसली आणि फडक्यातला गोळा काढला. अंबाड्यात खोचलेली तार बाहेर आली. वात निघाली, तळहात फिरला, नळी घरंगळली.

गंगाधरने खिशातलं घड्याळ काढलं. समोर बसलेले सगळे गिरणीतले होते. आयुष्य सुताच्या गतीवर गेलेलं. हात कसा चालतो हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. धागा तुटायच्या आधी ज्यांना त्याचा आवाज कळतो असे ते लोक, एकेक करून खुर्चीवरून पुढे सरकले आणि मग जमिनीवर येऊन बसले. मीराबाईचा चेहरा अगदी शांत होता, जणू ती एकटी आपल्या ओसरीवर बसली आहे.

"एक मिनिट," गंगाधर हळूच म्हणाला. "एकेचाळीस." त्याने घड्याळ मिटलं. "साहेब, ते स्टॉपवॉचवाले आमच्या मागे लागतात ना, त्यांना या वहिनी दाखवू नका. उद्या साच्यावरही हाच वेग मागतील."

धैर्यवान उभे राहिले होते. टेलिफोन वाजला नव्हता. त्यांनी एक ओली नळी बोटांवर घेतली आणि किती तरी वेळ उजेडाला धरून ठेवली.

"पीठ कुठलं?" त्यांनी विचारलं.

"रेशनचं," मीराबाई म्हणाली.

"रेशनचं," धैर्यवान म्हणाले, स्तोत्रातला शब्द म्हणावा तसं. मग भिवाकडे वळले. "सोमवारपासून चूल तुझी. आणि एक मेला हेच. बाई, सहाशे माणसांचं होईल?"

"धा बाया लागतील. चार दिसांचं ऊन लागंल," मीराबाई पीठ गुंडाळत म्हणाली. "आन बायांची मजुरी आधी ठरवा. फुकट न्हाई."

"ठरवू," धैर्यवान म्हणाले, आणि मान लववली.

भिवाने रिकामी कढई उचलली आणि सवयीने मोरीकडे निघाला.

"अरे ए आचारी!" गंगाधर ओरडला. "ठेव ती खाली!"

"नको," भिवा म्हणाला. "लोखंडाला दुसऱ्याचा हात चालत नाही." खरं म्हणजे डोळ्यांतलं पाणी नळाच्या पाण्यात मिसळायला त्याला मोरीच हवी होती.

परतताना रस्त्यात कमानींचे बांबू उभे राहत होते. मीराबाई परात डोक्यावर घेऊन पुढे चालली होती. भिवा तिच्यामागे दोन पावलांवर होता. नेहमी तो पुढे असे; आज हे कसं झालं ते त्यालाही कळलं नव्हतं.

"मीरे," तो म्हणाला. "अजून काय काय येतं तुला?"

"इचारलं का कधी?"

"आता विचारतोय ना."

"नखुल्या येत्यात," ती म्हणाली. "नखावर वळायच्या, तांदळाएवढ्या. शेवया तर केसावानी. पांढऱ्या मातीची चूल घालता येती, धूर यत न्हाई तिचा. जात्याला टाकी लावाया येती. म्हशीचं अडल्यालं रेडकू..."

"रेडकू?"

"दोनदा सोडवलंय. बाप भाईर व्हता, कोन करनार?"

भिवा ऐकत राहिला. चाळ जवळ आली तसा त्याने चालण्याचा वेग कमी केला. मीराबाई आता विहिरीत पडलेला पोहरा कसा काढायचा ते सांगत होती, आणि ते अजून बरंच उरलेलं दिसत होतं. त्याने तिला, डाळ घ्यायची आहे म्हणून, लालबागच्या बाजूने लांबच्या वाटेने वळवलं.